मनोरा उघडला, दिव्याचं काय?

दीपगृह पाहायला गेलेल्या माणसाला आपल्याकडे बहुतेक वेळा समुद्र दाखवून परत पाठवतात. तिकीट, गोल जिना, वरचा सज्जा, वारा, फोटो आणि खाली. ज्या दिव्यासाठी एवढा खटाटोप करून मनोरा उभा केला तो दिवा कुठे असतो, कशावर फिरायचा, त्याचं भिंग किती मोठं होतं आणि आता ते कुठे आहे, हे कोणी सांगत नाही. पाटीवर बांधकामाचं साल आणि मनोऱ्याची उंची एवढंच असतं. पूर्वी दार बंद असायचं, तेव्हा निदान आत काहीतरी आहे असं वाटायचं. आता दार उघडलं आहे आणि आतलं काढून टाकलं तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

1927 चा दीपगृह कायदा जाऊन 2021 साली सागरी दिशादर्शक साधनांचा नवा कायदा आला. त्यात 'वारसा दीपगृह' ही तरतूद पहिल्यांदा आली. केंद्र सरकारला आपल्या ताब्यातल्या एखाद्या दीपगृहाला हा दर्जा देता येतो आणि जहाजांना दिशा दाखवण्याचं काम चालू ठेवून शैक्षणिक, सांस्कृतिक व पर्यटनाच्या हेतूने त्याचा विकास करता येतो. फेब्रुवारी 2024 मध्ये देशातल्या 75 दीपगृहांवरच्या पर्यटन सुविधांचं लोकार्पण झालं. हे होणं गरजेचंच होतं. ज्या देशाच्या किनाऱ्यावर दीडशे-दोनशे वर्षांचे दिवे उभे आहेत, त्या देशात सामान्य माणसाला ते लांबूनच बघावे लागावेत हे बरोबर नव्हतं. पण कायद्यात लिहिलेल्या तीन हेतूंपैकी प्रत्यक्षात तिसराच पुढे सरकतो आहे. बाग, बाकडी, उपाहारगृह, मुलांची खेळणी आणि रंगीत दिवे म्हणजे विकास, असा समज त्यामागे आहे. जुन्या दीपगृहात जतन करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे दिव्याची यंत्रणा आणि ती चालवण्याचं ज्ञान. मनोरा, आवार, दृश्य हे सगळं त्यानंतर. हा क्रम उलटला तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे रंगवलेले सुंदर मनोरे उरतील आणि दीपगृहं संपलेली असतील.

ही यंत्रणा म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. मनोऱ्याच्या माथ्यावर काचेची खोली असते आणि तिच्या मधोमध भिंग. एकसंध काचेचं भिंग एवढं मोठं करायचं तर ते वजनाने पेलवणार नाही आणि जाडीतच अर्धा प्रकाश जिरेल. फ्रेंच अभियंता ओग्युस्तँ फ्रेनेल याने भिंगाची जाडी काढून टाकली आणि फक्त वक्र पृष्ठभाग कड्या-कड्यांनी मांडला. त्याचं भिंग 1823 साली फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात पेटलं. मधल्या पट्ट्यातल्या कड्या प्रकाश वाकवतात. वरचे आणि खालचे लोलक प्रकाश आतल्या आत परावर्तित करून आडवा बाहेर फेकतात. आकाशाकडे आणि जमिनीकडे वाया जाणारा उजेड असा गोळा होऊन क्षितिजाकडे जातो. या भिंगांच्या प्रती, म्हणजे आकारानुसारचे दर्जे, ठरलेल्या असतात. पहिल्या प्रतीच्या भिंगात ज्योतीपासून काचेपर्यंतचं अंतर 920 मिलिमीटर, म्हणजे आतला व्यास जवळपास एक मीटर चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. मोठा माणूस त्यात सहज उभा राहतो. चौथ्या प्रतीत हेच अंतर 250 मिलिमीटर. लोलकांच्या पितळी चौकटी, त्यांना धरून ठेवणारी लांबी (काच पक्की बसवायचं पुट्टीसारखं मिश्रण) आणि प्रत्येक लोलकाचा कोन हाताने जुळवलेला असतो. एकोणिसाव्या शतकातलं सगळ्यात काटेकोर काचकाम म्हणजे हे, आणि ते कोकणच्या खाऱ्या वाऱ्यातही टिकलं.

भिंग फिरतं म्हणून समुद्रावरून झोत फिरताना दिसतो. भिंगाला चार उभे फलक असतील आणि ते वीस सेकंदांत एक फेरी घेत असेल, तर जहाजावरच्या माणसाला दर पाच सेकंदांनी एक झळक दिसते. दोन फलक जवळजवळ ठेवले तर जोडझळक. प्रत्येक दीपगृहाची झळक वेगळी, आणि तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य खलाशी, ती मोजून आपण कुठल्या किनाऱ्यासमोर आहोत हे ओळखतो. फिरणं जड पडू नये म्हणून मोठी भिंगं पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवलेली असत. मग शेकडो किलोचा काचेचा डोलारा बोटाने ढकलला तरी हलतो. वीज येण्याआधी हे फिरणं घड्याळयंत्रावर चाले. त्याला किल्ली द्यायची, मग साखळीला टांगलेलं वजन मनोऱ्याच्या पोटातून हळूहळू खाली उतरे आणि त्या ओढीवर भिंग फिरे. वजन तळाला पोचण्याआधी पुन्हा वर गुंडाळायचं, रात्रभर. अनेक जुन्या मनोऱ्यांत गोल जिना भिंतीला चिकटून जातो आणि मधे पोकळी दिसते ती या वजनासाठी. हजारो लोक त्या पोकळीभोवती चढून जातात आणि मधे पोकळी का सोडली आहे हे त्यांना कळत नाही. कळायला लागते ती एक पाटी आणि शक्य असेल तिथे जुनं वजन पुन्हा टांगून ठेवणं.

ज्योतही बदलत गेली. तेलाची वात, मग दाबाखाली केरोसीनची वाफ करून मेंटलवर जाळणारा बर्नर (आपल्या लग्नमंडपातली पेट्रोमॅक्स याच तत्त्वावर चालायची), मग विजेचा बल्ब आणि आता एलईडी. आधीच्या बदलांत भिंग कायम राहिलं, आत फक्त ज्योत बदलली. एलईडीच्या वेळी तसं होत नाही. नव्या बनावटीचा एलईडी कंदील स्वतःचं प्लास्टिकचं भिंग घेऊनच येतो. तो सज्जाच्या कठड्याला बसवता येतो, वीज कमी खातो, सौरपटलावर चालतो आणि त्याला देखभाल जवळजवळ लागत नाही. जहाजांच्या दृष्टीने तो पुरेसा आहे. उपग्रहावरून ठिकाण सांगणारी यंत्रणा आता लहान मचव्यावरही असते. त्यामुळे जुनं भिंग, कुंड, मोटर हे सगळं एका दिवसात निरुपयोगी ठरतं आणि निरुपयोगी वस्तूचं सरकारी नियमाने जे होतं तेच त्याचं होतं. कधी ते भांडारात जातं, कधी भंगारात. नशीब चांगलं असेल तर तुकडे करून संग्रहालयाच्या काचेच्या पेटीत.

म्हणून पहिली मागणी अशी: एलईडी जरूर लावा, पण तो जुन्या भिंगाच्या बाहेर लावा आणि भिंग आहे तिथेच राहू द्या. काही ठिकाणी भिंगाच्या आतच एलईडी बसवून दोन्ही साधता येतं, पण ते करताना घाई चालत नाही. जुनं भिंग मेंटलच्या किंवा बल्बच्या विशिष्ट आकाराच्या आणि उंचीच्या ज्योतीसाठी घडवलेलं असतं. एलईडीचा उजेड देणारा भाग त्या नाभीबिंदूपासून, म्हणजे ज्योतीच्या नेमक्या जागेपासून, थोडा जरी वर किंवा खाली गेला, तरी झोत क्षितिजावर न पडता समुद्रात किंवा आभाळात जातो. जवळून दिवा झगझगीत दिसतो आणि दहा मैलांवर दिसत नाही. तेव्हा बसवल्यावर रात्री समुद्रातून तपासणी झालीच पाहिजे.

भिंग जागेवर ठेवायचं म्हणजे त्याची जबाबदारीही घ्यायची. भिंग दोन्ही दिशांनी काम करतं. आतल्या ज्योतीचा उजेड ते समांतर करून बाहेर फेकतं, तसंच बाहेरून आलेलं ऊन गोळा करून आत एका बिंदूवर आणतं. तिथे काही जळण्यासारखं असेल तर पेट घेतं, वायरिंग वितळतं. म्हणूनच काचेच्या खोलीला पडदे असतात आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत ते ओढायचे असा जगभरच्या दीपगृहांतला जुना दंडक आहे. फोटोसाठी पडदा सारायला लावणाऱ्या पर्यटकाला हे सांगितलंच पाहिजे आणि सांगूनही ऐकलं नाही तर खाली आणलं पाहिजे. काचेला हात लावू देऊ नये, कारण बोटांचा घाम आणि खारी हवा मिळून काचेवर डाग धरतो. पट्ट्याचं बक्कल, गळ्यातला कॅमेरा, पाठीवरची सॅक यांनी लोलकांच्या कडा टवकतात, म्हणून वरच्या खोलीत सामान नको. साफसफाईला बाजारातली काच-पुसणी द्रावणं नकोत, ती लोलक धरून ठेवणारी लांबी सैल करतात. मऊ सुती कापड आणि अगदी कमी पाणी पुरतं. जिथे पाऱ्याचं कुंड अजून आहे, तिथे तर पर्यटकाला त्या खोलीत थांबू देणंच चूक. पारा साध्या तापमानालाही वाफ सोडतो आणि बंद काचेच्या खोलीत ती साठते. अशा जागी पारा काढून नीट साठवावा, भिंग आधारावर स्थिर करावं आणि लोकांना ते एक पायरी खालून दाखवावं.

हे सगळं नीट करून दाखवण्याजोगी जागा महाराष्ट्रात आहे: खांदेरी. मुंबईच्या दक्षिणेला सुमारे 20 किलोमीटरवर, अलिबागजवळच्या थळ गावासमोरचं हे छोटं बेट. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत खांदेरी आहे. त्या बारांपैकी चालू दीपगृह डोक्यावर घेऊन उभा असलेला जलदुर्ग म्हणूनही तो वेगळा ठरतो. अष्टकोनी पांढरा मनोरा 1867 साली बांधलेला, एकमजली घराच्या माथ्यातून वर गेलेला. दीपगृहाला आज कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे.

आणि इथेच एक वाद उभा राहील, खरं तर दबक्या आवाजात तो सुरूच आहे. किल्ला महाराजांचा, दीपगृह इंग्रजांचं. मग वारसा म्हणून दीपगृहाला काय महत्त्व द्यायचं? फलकावर एक ओळ पुरे, असं अनेक दुर्गप्रेमींना मनापासून वाटतं. त्यांची भावना समजते, पण त्यांनी खांदेरीचा नकाशा पुन्हा पाहावा. 1679 च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मायनाक भंडाऱ्याला माणसं आणि सामान देऊन या बेटावर पाठवलं, आणि मुंबईकर इंग्रज हादरले. कारण एकच, मुंबई बंदरात दक्षिणेकडून येणारं प्रत्येक गलबत या खडकावरून दिसतं. इंग्रजांनी जहाजं घालून वेढा दिला. ऑक्टोबरात समुद्रावर झुंज झाली. मराठ्यांच्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या रात्रीच्या अंधारात वेढ्यातून रसद पोचवत राहिल्या आणि शेवटी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. पुढे सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली आणि दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली. 1818 मध्ये खांदेरी इंग्रजांकडे गेली. त्यानंतर पन्नास वर्षांच्या आत त्यांनी त्याच खडकावर दिवा लावला. का? तर मुंबई बंदरात दक्षिणेकडून येणाऱ्या प्रत्येक गलबताला हा खडक दिसायला हवा म्हणून. महाराजांनी ज्या कारणासाठी हे बेट हेरलं, त्याच कारणाने दिवा तिथे आला. किल्ल्याची मोक्याची जागा पर्यटकाला तटावर उभं राहून जितकी कळते, त्याहून चांगली दिव्याच्या सज्जातून कळते. दीपगृह गाळून खांदेरी सांगायची म्हणजे अर्धीच सांगायची.

हे आकड्यांतही दाखवता येतं आणि दाखवायलाच हवं. समुद्रसपाटीपासून जितके मीटर उंचीवर डोळा, त्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि 2.03 ने गुणायचं. उत्तर क्षितिजाचं अंतर, सागरी मैलांत. समजा दिवा 36 मीटरवर आहे. वर्गमूळ 6, म्हणजे क्षितिज सुमारे 12.2 सागरी मैल, साधारण साडेबावीस किलोमीटर. समोरून येणाऱ्या मचव्यावर तांडेलाचा डोळा पाण्यापासून 4 मीटरवर असेल तर त्याचे 4 मैल त्यात मिळवायचे. म्हणजे सोळा सागरी मैलांवरून, जवळपास तीस किलोमीटरवरून त्याला दिवा दिसू लागतो, हवा स्वच्छ असेल तर. सातवी-आठवीच्या मुलांना वर्गमूळ कशाला शिकायचं याचं इतकं रोकडं उत्तर दुसरीकडे मिळणं कठीण. सज्जाच्या कठड्याला एक दिशाचक्र लावा, त्यावर मुंबई, उंदेरी, अलिबागचा कुलाबा किल्ला, रेवदंड्याचं टोक अशी नावं आणि अंतरं द्या. 'शैक्षणिक' हा शब्द कायद्यात आहे, त्याचा अर्थ एवढा साधा आणि स्वस्त असू शकतो.

खांदेरीला जायचं कसं, याची नीट व्यवस्था मात्र आजही नाही, आणि खरी परीक्षा तिथेच आहे. नियमित फेरी बोट नाही. थळहून कोळी बांधवांच्या होडीने जावं लागतं आणि किनारा उथळ असल्याने सगळं गणित भरतीवर. कोकणातला जुना हिशोब इथे अजून कामी येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, म्हणजे ऐन दुपारी बाराला ओहोटी, होडी रुतणार. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, वेळ सोयीची, पण उधाणामुळे पाण्याला ओढ जबर आणि धक्क्याला होडी लावताना ती वरखाली आपटते. त्यापेक्षा द्वादशी-त्रयोदशी बरी. भरती नऊ ते पावणेदहाच्या दरम्यान येते, उधाण पूर्ण चढलेलं नसतं, आठला निघून दुपारच्या आत परतता येतं. मार्चनंतर दुपारी वायव्येचा वारा उठतो, तेव्हा परतीला उशीर म्हणजे अंगावर पाणी. जून ते नारळी पौर्णिमा समुद्र बंदच समजावा. आणि या सगळ्यावर तांडेल 'आज नको' म्हणाला तर नको. हे ज्ञान थळच्या घराघरांत आहे. पण पर्यटनाचे आराखडे बनतात तेव्हा त्यात मोठी जेट्टी, स्पीडबोट आणि ठेकेदार असतो, तांडेल नसतो. बेटावरचा वेताळ कोळ्यांचा देव आहे, ते त्याच्या दर्शनाला पूर्वापार जातात. या बेटाशी अखंड नातं कोणी राखलं असेल तर त्यांनी. फेऱ्यांचा परवाना थळच्या मच्छीमार सहकारी संस्थांना द्यावा, प्रत्येक होडीत मोजून माणसं आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट ही अट घालावी, भरतीच्या वेळापत्रकानुसार फेऱ्या आधी जाहीर कराव्यात. रोज ठरावीक वेळेला फेरी हवी हा हट्ट या किनाऱ्यावर धोक्याचा आहे.

मग कारभाराचा गुंता. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व विभागाचा विषय, बेट मुंबई बंदराच्या ताब्यात राहिलेलं, दीपगृहांचा कारभार केंद्राच्या दीपस्तंभ व दीपनौका महानिदेशालयाकडे, आणि जागतिक वारसा यादीमुळे आणखी नियम. एवढ्याशा बेटावर इतके मालक असले की तटातला वड कोणी तोडायचा यावरही फाइल फिरते. इथे एकच स्थानिक व्यवस्थापन समिती हवी आणि तिच्यात वरच्या सगळ्यांसोबत थळचे प्रतिनिधी मताधिकारासह हवेत. निमंत्रित म्हणून बसवून चालणार नाही.

किती माणसं सोडायची, यावर बोलायला कोणी तयार नसतं, म्हणून हिशोबच मांडतो. जुन्या मनोऱ्याचा जिना एका वेळी एकाच दिशेने जाण्याइतका. शेवटचा टप्पा बहुधा जवळजवळ उभी लोखंडी शिडी. सज्जात सुरक्षितपणे आठ माणसं उभी राहतात. चढणं, पाहणं, समजून घेणं आणि उतरणं याला आठ जणांच्या तुकडीला वीस मिनिटं लागतात, आणि पहिली तुकडी खाली आल्याशिवाय दुसरी सोडता येत नाही. म्हणजे तासाला चोवीस, तीन तासांत बहात्तर. जुन्या दीपगृहाची खरी क्षमता इतकीच आहे. सुट्टीच्या दिवशी याच्या तिप्पट-चौपट लोक सोडले की जिन्यात दोन दिशांचे लोक अडकतात, कोणी घाबरून बसतं, मुलं शिडीवर घसरतात आणि मग एका अपघातानंतर दीपगृह पुन्हा वर्षानुवर्षं बंद होतं. वेळ ठरवून आधी नोंदणी हाच मार्ग आहे. गर्दीला रांगेत उभं करून महसूल वाढत नाही, कारण जिना रुंद होत नाही.

ज्यांना जिना चढता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न प्रामाणिक आहे. चेन्नईच्या दीपगृहात लिफ्ट आहे आणि 2013 पासून ते लोकांना खुलं आहे. पण तो 1970 च्या दशकातला काँक्रीटचा मनोरा, लिफ्टची जागा धरूनच बांधलेला. तशी लिफ्ट 1867 च्या दगडी मनोऱ्यात घालायची तर मधली पोकळी भरावी लागेल किंवा बाहेरून लोखंडी सांगाडा चिकटवावा लागेल. दोन्हींनी मनोरा बिघडतो. त्याऐवजी तळाच्या लाइटकीपरच्या घरात एक खोली द्यावी: वरच्या काचेच्या खोलीतून थेट दिसणारं चित्र, हात लावून फिरवता येईल असं भिंगाचं छोटं चालतं प्रारूप, सुट्टा बर्नर, किल्ली देता येईल असं घड्याळयंत्र. ही खोली गुडघेदुखीच्या आजींना आणि शाळेच्या सहलीला वरच्या सज्जापेक्षाही जास्त देईल. नव्या काँक्रीटच्या मनोऱ्यांत मात्र लिफ्ट असलीच पाहिजे, तिथे सबब चालणार नाही.

डागडुजीकडेही बघायला हवं, कारण सुशोभीकरणात सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. जुनी बांधकामं चुन्यातली. चुना श्वास घेतो, म्हणजे भिंतीत शिरलेला ओलावा आणि मीठ तो हळूहळू बाहेर सोडतो. सांध्यांत सिमेंट भरलं आणि वरून प्लास्टिक इमल्शन फासलं की ओलावा आत कोंडतो, मिठाचे खडे रंगाच्या पाठीमागे फुगतात आणि दोन पावसाळ्यांत दगडाचा पापुद्रा रंगासकट सुटतो. मग 'जुनं बांधकाम कमकुवत झालं' असा अहवाल येतो. दुरुस्ती चुन्यातच व्हावी आणि रंग वाफ जाऊ देणारा असावा. रंगाची निवडही आपल्या मर्जीची नसते. पांढरा मनोरा की लाल-काळे पट्टे, ही दिवसा ओळखण्याची खूण असते आणि ती जगभरच्या खलाशांच्या दीपसूचीत छापलेली असते. रात्री मनोऱ्यावर रंगीत झोत सोडणं तर सरळ चुकीचं. समुद्रातून पाहणाऱ्याला एक ठरलेली झळक दिसली पाहिजे. तिच्याखाली जांभळा-हिरवा उजेड आणि उपाहारगृहाच्या माळा लागल्या की दिवा शोधावा लागतो. दीपगृहाच्या आवारात रात्री अंधार राखणं हा त्याच्या जतनाचाच भाग आहे.

यंत्रणा गेल्यावर काय उरतं, ते पाहायला गोव्यातल्या आग्वादला जावं. 1612 चा किल्ला, त्यात 1864 चा चार टप्प्यांचा गोल मनोरा, आशियातल्या सगळ्यात जुन्या अशा दिव्यांत त्याची गणना होते. सुरुवातीला त्याची झळक सात मिनिटांनी एकदा दिसे, नंतर ती तीस सेकंदांवर आणली. 1976 मध्ये शेजारी नवं दीपगृह आलं आणि जुना दिवा विझला. सप्टेंबर 2023 मध्ये देशातला पहिला दीपगृह महोत्सव याच किल्ल्यात झाला. आज रोज हजारो लोक त्या मनोऱ्याभोवती फोटो काढतात. तो देखणा आहे, पण त्यातून दीपगृह कसं चालायचं हे कळायचा कुठलाच मार्ग नाही. एके काळी इथे टांगलेली मोठी घंटा 1871 मध्ये पणजीच्या चर्चमध्ये गेली आणि आजही वाजते. कामात राहिली म्हणून ती वाचली, ही गोष्ट धोरण ठरवणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावी.

कामात राहण्याचा हा मुद्दा माणसांनाही लागू आहे. ज्यांनी केरोसीनच्या बर्नरला स्पिरिटने तापवून पेटवलं, मेंटल बदलले, मुसळधार पावसात वीज गेल्यावर हाताने भिंग फिरवलं, असे लाइटकीपर आता निवृत्त होत आहेत किंवा झाले आहेत. इंग्लंडमधलं शेवटचं दीपगृह 1998 मध्ये स्वयंचलित झालं तेव्हा त्यांचे लाइटकीपरही घरी गेले. त्या देशात निदान त्यांच्या आठवणी आणि नोंदवह्या जपल्या गेल्या. आपल्याकडे नोंदवह्यांत दिवा लावल्याची-मालवल्याची वेळ, हवामान, गेलेली जहाजं, बिघाड आणि त्यावरचा उपाय असं सगळं असतं. दमट खोलीतल्या लाकडी कपाटात वाळवी त्या वाचते. मार्गदर्शक म्हणून गणवेशातला सुरक्षारक्षक उभा करण्याऐवजी निवृत्त लाइटकीपरना मानधन द्यावं, त्यांच्या हाताखाली गावातली दोन-चार मुलं तयार करावीत, आणि त्यांचं सांगणं ध्वनिमुद्रित करून ठेवावं. याला जेट्टीच्या खर्चाच्या शेकड्यातला एक रुपयाही लागणार नाही.

सुरक्षेचं कारण पुढे येईलच. 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर किनाऱ्याबद्दल सावध असणं योग्य आहे. मुंबईतल्या कुलाब्याच्या टोकावरचं 1875 चं प्राँग्ज दीपगृह ओहोटीला पायी गाठता येतं, पण वाट लष्करी हद्दीतून जाते, तिथे मोकळा प्रवेश मागणं रास्त नाही. वर्षातून ठरलेल्या चार-दोन उधाणाच्या ओहोट्यांना, ओळखपत्र तपासून, नौदलाच्या देखरेखीखाली लहान तुकड्या नेणं मात्र सहज शक्य आहे. सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक यांच्या मधे बरीच जागा असते.

पैसा कुठून, हाही प्रश्न आहे. दीपगृहांचा खर्च आजवर मुख्यतः बंदरात येणाऱ्या जहाजांकडून घेतलेल्या शुल्कावर चालत आला. जहाजमालक म्हणू शकतात की आम्ही झळकेचे पैसे देतो, बागेचे नाही. त्यांचं बरोबर आहे. म्हणून वारसा दर्जाच्या प्रत्येक दीपगृहाचं स्वतंत्र खातं असावं, तिकिटाची रक्कम तिथेच खर्च व्हावी आणि पहिला हक्क भिंगाच्या व भिंतीच्या देखभालीचा असावा. अमेरिकेने 2000 साली कायदा करून जुनी दीपगृहं स्थानिक संस्थांना विनामूल्य सोपवायला सुरुवात केली, घेणारं कोणी नसेल तर लिलाव. लिलाव आपल्याला नकोच, किनाऱ्यावरच्या जमिनीचे भाव पाहता तो कोणाकडे जाईल हे सांगायला नको. पण कॅनडाने 2008 च्या कायद्यात लोकांनीच एखाद्या दीपगृहाचं नाव वारसा दर्जासाठी सुचवण्याची सोय केली, ती आपल्याला घेता येईल. आज दर्जा द्यायचा की नाही हे केंद्राच्या मर्जीवर आहे. ग्रामपंचायतीला, शाळेला, मच्छीमार संस्थेला अर्ज करता आला पाहिजे आणि त्या अर्जावर ठरावीक मुदतीत कारणांसह उत्तर मिळालं पाहिजे.

या सगळ्याला वर्षं लागतील. एक काम मात्र पुढच्या पावसाळ्याआधी होऊ शकतं. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक जुन्या दीपगृहात जाऊन यादी करायची: भिंग आहे का, कोणत्या प्रतीचं, त्याच्या पितळी पट्टीवर कोणत्या कारखान्याचं नाव आणि कोणतं साल कोरलेलं आहे, किती लोलक फुटले, कुंडात पारा आहे का, घड्याळयंत्र आणि वजन कुठे आहेत, नोंदवह्या कोणत्या सालापासून आहेत. प्रत्येक वस्तूचा फोटो, तिला क्रमांक आणि यादी जाहीर. ती जाहीर होईपर्यंत कोणत्याही दीपगृहातून एकही जुनी वस्तू निरुपयोगी म्हणून हलवायची नाही, असा आदेश महानिदेशालय एका पानावर काढू शकतं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि निविदाही लागत नाही.